जनरेटर तोच, मग गॅसवर जोर कमी का पडतो?

पावसात गोव्यात एखादा माड तारांवर आडवा झाला की लाईट गेलीच, आणि मग वाड्यावर जनरेटरांची घरघर सुरू. हल्ली ड्युअल फ्युएलवाले जनरेटर मिळतात, पेट्रोल पण चालतं आणि एलपीजी पण. त्यांच्या माहितीत पॉवरचे दोन आकडे असतात आणि गॅसचा आकडा कमी असतो, पण घेताना ते कोण बघतो! ढोबळ हिशेब असा, पेट्रोलच्या मानाने एलपीजीवर 10 टक्के आणि पाइपच्या गॅसवर म्हणजे पीएनजीवर 15 ते 20 टक्के ताकद कमी.

गंमत म्हणजे किलोमागे बघितलं तर एलपीजीत ऊर्जा पेट्रोलपेक्षा थोडी जास्तच आहे. मग जोर जातो कुठे? तर इंजिन एका वेळी ठरावीक जागेत मावेल तेवढंच आत ओढतं, त्यात पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तरी ती जेमतेम 2 टक्के जागा घेते, प्रोपेन (एलपीजीतला एक मुख्य गॅस) 4 टक्के आणि मिथेन (पीएनजी म्हणजे बहुतेक हाच) तर साडेनऊ टक्के, म्हणजे तेवढी हवा बाहेरच राहिली, ऑक्सिजन कमी, जळणार तेही कमी. शिवाय पेट्रोलची वाफ होताना आतली हवा थंड होते आणि थंड हवा जास्त मावते, हा फायदा गॅसला मिळत नाही.

काही जण म्हणतात गॅसचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याचा गुण, जास्त मग पॉवर पण जास्त. तसं नसतं हो. मिथेनचा ऑक्टेन 120 च्या आसपास धरतात हे खरं, पण त्याचा उपयोग कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात मिश्रण किती दाबलं जातं ते, वाढवलं तरच, आणि ड्युअल फ्युएलचं कॉम्प्रेशन पेट्रोलला झेपेल एवढंच ठेवावं लागतं.

बायोगॅसचं अजून वेगळं. साळगावच्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि त्यावर वीज करतात. अशा गॅसमध्ये मिथेन साधारण 60 टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, जो जळत नाही, नुसती जागा अडवतो आणि ज्योत पण मंद करतो. वर हायड्रोजन सल्फाइड असतो, तो आधी काढला नाही तर इंजिन आतून खातो.

हा फरक बल्ब-पंख्यावर कळत नाही, विहिरीवरचा पंप चालू केला की कळतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, इंजिनाकडे शिल्लक जोर नसेल तर फेरे मिनिटाला 3000 वरून खाली येतात, विजेची 50 हर्ट्झची फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही पडतात, आणि पंप नुसता गुरगुरत बसतो. म्हणून गॅसवर चालवायचा असेल तर गॅसचाच आकडा बघून मोठा जनरेटर घ्या.

एवढं असूनही घरच्या बॅकअपला मला एलपीजीच बरा वाटतो. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत दोन-चार महिने टाकीत पडून राहिलं तर कार्ब्युरेटर चिकटलाच समजा. एलपीजी वर्षभर राहिला तरी तसाच. फक्त तो हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, त्यामुळे सिलिंडर तळघरात किंवा खड्ड्यात ठेवू नका, आणि जनरेटर कुठल्याही इंधनाचा असो, धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतोच, म्हणून जनरेटर बाल्कनीत नाही, घराबाहेर लांब ठेवायचा.