पार्श्वभूमी : फुंकर मारून अन्ननलिकेचा दाह ओळखता येईल?

इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, म्हणजे अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमून होणारा दाह, दुर्बीण न घालता ओळखण्याची कल्पना दम्याच्या चाचणीवरून आली. उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड असतो हे १९९१ मध्ये समजलं. दोन वर्षांनी दमेकऱ्यांत तो जास्त आढळला. अन्ननलिकेचा हा आजारही ॲलर्जीच्या वळणाचा, मग तीच फुंकर इथे का चालू नये?

२००५ मध्ये फुंकरीची पद्धत पक्की झाली : पूर्ण श्वास घ्यायचा, मग सेकंदाला ५० मिलिलिटर वेगाने मोठ्यांनी किमान सहा सेकंद सोडायचा. यंत्र थोडा अडथळा देतं, त्यामुळे टाळू वर उचलून नाकाचा मार्ग बंद होतो. नाकातला वायू मिसळला तर आकडा फुगतो. पालक-बीट खाल्ल्यावर तो चढतो, सिगारेटने उतरतो.

पण हा वायू येतो श्वासनलिकेतून. दमा असलेल्याचा आकडा चढा निघाला तरी अन्ननलिकेबद्दल काही कळत नाही. छोट्या अभ्यासांत बायोप्सीतल्या पेशींशी त्याचा मेळ बसला नाही.

निदानातला खरा घोळ ॲसिडिटीच्या गोळीचा. निदानाच्या २००७ च्या निकषांत सूक्ष्मदर्शकाच्या जास्त वर्धनाच्या एका दृश्यक्षेत्रात किमान १५ इओसिनोफिल लागत; जोडीला जास्त डोसच्या गोळीने फरक न पडणं किंवा अन्ननलिकेतल्या आम्लाची तपासणी नॉर्मल असणं लागे. गोळीने बरे होणारे २०११ मध्ये वेगळ्या नावाखाली गेले. दोन्ही गटांची दुर्बीण, बायोप्सी आणि जनुकं जवळपास सारखीच निघाली, म्हणून २०१८ मध्ये ही अट गळाली. निर्णय योग्यच; मात्र आधीच्या अभ्यासांतले रुग्ण जुन्या गाळणीतून आलेले असल्याने त्यांचे आकडे आजच्या रुग्णांना सरळ लावता येत नाहीत. शिवाय अट होती तोवर गोळीची चौकशी आपोआप व्हायची.

जळगाव-धुळ्याकडे ही चौकशी मुद्दाम करावी लागते. घास अडकला की दोष शेवभाजीच्या नाहीतर भरताच्या मिरचीला, आणि मेडिकलवरून पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी. कित्येक महिने गोळी घेऊन रुग्ण दुर्बिणीला आला, तर पेशी दबलेल्या असू शकतात आणि 'नॉर्मल' अहवाल फसवा ठरतो. म्हणून फॉर्मवर गोळीचं नाव, डोस आणि शेवटची तारीख लिहावी. अस्तर डोळ्याला ठीक दिसलं तरी वरून आणि खालून मिळून किमान सहा तुकडे घ्यावेत, कारण दाह ठिपक्याठिपक्यांनी असतो. दुर्बिणीतून सुटका करणारी फुंकर अजून हाती आलेली नाही.