नाडी अनियमित, धोका मेंदूला

मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं हलकेच टेकवा आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. नुसता आकडा मोजू नका, दोन ठोक्यांमधल्या अंतराकडेही लक्ष द्या. श्वास आत घेताना नाडी किंचित भरभर चालते आणि सोडताना संथ होते. तरुणांमध्ये हा फरक स्पष्ट कळतो आणि तो निरोगीपणाचाच भाग आहे. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला, तरी बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. पण ठोके कधी लगोलग, कधी खूप उशिरा, कधी जोरकस तर कधी जेमतेम बोटाला लागणारे असतील आणि त्यात कसलाच क्रम सापडत नसेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा. अशा माणसाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून मोजलं तर ठोके जास्त भरतात आणि मनगटावर कमी. काही ठोके इतके दुबळे असतात, की त्यांची लाट हातापर्यंत पोचतच नाही. घरच्या बीपी मशीनवर दर वेळी वेगळाच आकडा येतो, त्यामागेही कधी कधी हेच कारण असतं.

या विकाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात एएफ. उपचार लागणाऱ्या हृदयतालाच्या विकारांमध्ये तो सर्वांत जास्त आढळतो आणि वयाबरोबर वाढत जातो. कुणाला छातीत धडधडतं, कुणाला दोन जिने चढताना धाप लागते आणि कित्येकांना काहीच जाणवत नाही. त्याबद्दल एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते: त्रास छातीत होतो, पण सर्वांत मोठा धोका मेंदूला असतो. आणि त्या धोक्यापासून वाचवणारी गोळी घेतल्यावर माणसाला काहीही फरक जाणवत नाही. म्हणूनच ती सर्वांत आधी सुटते.

हृदयाला ठोका कुठून मिळतो, हे कळून सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत. सुनाओ तावारा नावाचा तरुण जपानी डॉक्टर जर्मनीतल्या मारबुर्ग इथे हृदयाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता. वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे संदेश नेणारी गाठ आणि तिच्यापासून पसरत जाणारं तंतूंचं जाळं त्याने १९०६ मध्ये मांडलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात आर्थर कीथ यांच्या घरी मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीय विद्यार्थी चिचुंद्रीसारख्या ‘मोल’ नावाच्या प्राण्याचं हृदय तपासत होता. त्याला उजव्या वरच्या कप्प्यात एक वेगळीच रचना दिसली. १९०७ मध्ये दोघांनी ती प्रसिद्ध केली. हीच सायनस नोड. विश्रांतीच्या वेळी साधारण मिनिटाला ६० ते १०० वेळा ती विजेचा संदेश सोडते. तो वरच्या दोन कप्प्यांत पसरतो, तावाराच्या गाठीत सेकंदाचा दहावा भाग थबकतो आणि मग खाली जातो. या थबकण्यामुळे वरचे कप्पे आकुंचन पावून खालचे भरायला वेळ मिळतो.

एएफमध्ये वरच्या कप्प्यांवरचा सायनस नोडचा ताबा सुटतो. तिथे मिनिटाला ३५० ते ६०० च्या गतीने विजेच्या विस्कळीत लाटा फिरत राहतात. एवढ्या गतीने स्नायू आकुंचन पावूच शकत नाही, तो नुसता थरथरतो. ईसीजीवर प्रत्येक ठोक्याआधी दिसणारी छोटी ‘पी’ लाट नाहीशी होते. तावाराची गाठ यातले बरेचसे संदेश अडवते, म्हणून माणूस तगतो. पण जे सुटून खाली जातात ते वाटेल तेव्हा जातात.

आता मेंदूकडे वळू. डाव्या वरच्या कप्प्याला बोटाएवढी एक पिशवी असते. कप्पा नीट आकुंचन पावत असेल, तर तिच्यातलं रक्त बाहेर फेकलं जातं. तो थरथरू लागला, की ओढ्याकाठच्या डबक्यासारखं रक्त तिथे साचून राहतं आणि त्याची गुठळी होते. झडपेचा आजार नसलेल्या एएफमध्ये डाव्या कप्प्यातल्या दहापैकी नऊ गुठळ्या या पिशवीतच सापडतात. गुठळी सुटली, की खालच्या कप्प्यातून महारोहिणीत आणि तिथून थेट मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊ शकते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासाने दाखवलं, की एएफ असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. शिवाय हृदयातून आलेली गुठळी बहुधा मोठी असते. ती मोठी वाहिनी बंद करते, म्हणून हा पक्षाघात जास्त नुकसान करतो.

म्हणून निदान होताच पहिला प्रश्न हा, की गुठळीविरोधी गोळी लागेल का? उत्तर धडधड किती होते यावर ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता, रक्तवाहिन्यांचे आजार यांचे गुण धरले जातात. पंचाहत्तरीपुढचं वय आणि आधी येऊन गेलेला पक्षाघात यांना दुप्पट गुण असतात. एएफ सतत असो की अधूनमधून येणारा, हिशेब तोच.

इथे घरोघरी काही चुका होतात. पहिली चूक म्हणजे ‘रक्त पातळ करायला ॲस्पिरिन चालू आहे ना’ हे समाधान. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन मोलाचं आहे, पण एएफमधल्या गुठळीपुढे ते तोकडं पडतं. ॲपिक्सॅबॅन ही गुठळीविरोधी गोळी आणि ॲस्पिरिन यांची थेट तुलना २०११ मध्ये झाली. तिच्यात ॲपिक्सॅबॅनने पक्षाघात निम्म्याहून कमी झाले आणि मोठ्या रक्तस्रावात विशेष फरक पडला नाही. दुसरी चूक म्हणजे गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन गुठळीविरोधी गोळीसोबत घेतलं, की पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका चांगलाच वाढतो. तिसरी चूक पालेभाजीची. वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त वापरलं जाणारं ॲसिनोकुमॅरॉल या जुन्या गुठळीविरोधी गोळ्या घेणाऱ्यांना पालक-मेथी कायमची बंद करायला सांगितलं जातं. या गोळ्या के जीवनसत्त्वाला रोखतात आणि पालेभाजीत ते भरपूर असतं, हे खरं. पण भाजी सोडायची गरज नाही, प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. चार आठवडे भाजी नाही आणि मग हुरड्याच्या दिवसांत रोज, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, बिघडतो. तो बहुतेकांना २ ते ३ मध्ये लागतो.

२००९ नंतर डॅबिगॅट्रॅन, रिव्हरॉक्सॅबॅन, ॲपिक्सॅबॅन या नव्या गोळ्या आल्या. त्यांना आयएनआरची तपासणी लागत नाही आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वॉरफरिनपेक्षा कमी. भारतात आता त्यांच्या स्वस्त जेनेरिक गोळ्याही मिळतात. पण आपल्याकडे एक मोठा अपवाद लक्षात ठेवावा लागतो. लहानपणी घसा सुजून येणाऱ्या तापानंतर संधिवाताचा ताप येतो आणि त्यात डावीकडच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप आकसते. डावा वरचा कप्पा फुगत जातो आणि चाळिशीच्या आतही एएफ सुरू होऊ शकतो. भारतात अशा रुग्णांची संख्या मोठी आहे आणि त्यात स्त्रिया जास्त. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या साडेचार हजारांवर अशा रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नवी गोळी जुनीपेक्षा कमी पडणार नाही अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात रिव्हरॉक्सॅबॅन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. श्रीमंत देशांतले निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नयेत, हे यातून कळलं याचं मला फार महत्त्व वाटतं. मायट्रल झडप बरीच आकसलेली असेल, तर अजूनही जुनी गोळी आणि आयएनआर हाच मार्ग. कृत्रिम धातूची झडप असेल तरीही.

ताल पूर्ववत करण्याचे उपाय दुसऱ्या क्रमांकावर येतात, पण ते कमी रंजक नाहीत. १९१२ मध्ये एक डच व्यापारी हृदयतज्ज्ञ कारेल वेंकेबाख यांच्याकडे आला. आपली बिघडलेली नाडी आपण स्वतः ताळ्यावर आणतो, असा त्याचा दावा होता. दुसऱ्या दिवशी तो नियमित नाडी घेऊन हजर झाला. त्याने हिवतापावरचं क्विनाइन घेतलं होतं! त्यातूनच पुढे क्विनिडीन हे ताल सुधारणारं औषध आलं. मात्र ताल सुधारणाऱ्या औषधांनी जबर धडाही दिला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर जादा ठोके येणाऱ्या रुग्णांना एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड देऊन पाहिलं. ठोके शांत झाले, पण औषध घेणाऱ्यांमध्येच मृत्यू जास्त झाले, हे १९८९ मध्ये उघड झालं. म्हणून आज ही औषधं हृदयाची रचना तपासूनच देतात. विजेचा नियंत्रित धक्का देऊनही ताल परत आणता येतो. पण एएफ सुरू होऊन ४८ तास उलटून गेले असतील, तर आधी तीन आठवडे गुठळीविरोधी गोळी द्यावी लागते, नाहीतर अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून गुठळी नसल्याची खात्री करावी लागते. कप्पा पुन्हा आकुंचन पावू लागला, की साचलेली गुठळी बाहेर ढकलली जाऊ शकते.

मग १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे मिशेल हायसागेर यांच्या गटाने ४५ रुग्णांच्या हृदयात तारा घालून एएफला सुरुवात कुठून होते ते शोधलं. ६९ पैकी ६५ ठिणग्या फुप्फुसाकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या आत सापडल्या, दोन ते चार सेंटिमीटर खोल. हृदयाच्या स्नायूच्या पट्ट्या या शिरांमध्ये शिरलेल्या असतात, तिथून हा उपद्रव होतो. आजचं ॲब्लेशन याच शोधावर उभं आहे. जांघेतल्या शिरेतून तार आत नेतात, दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डावीकडे जातात आणि शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने, अतिथंडीने किंवा आता विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी व्रणाचं कडं तयार करतात. या व्रणातून विजेचा संदेश पार होत नाही. काहींना हे दुसऱ्यांदा करावं लागतं. वजन कमी करणं, दारू सोडणं, रक्तदाब आणि झोपेतला श्वासरोध यांवर उपचार करणं, यांनी एएफ परतण्याचं प्रमाण घटतं. या गोष्टी सल्ल्याच्या शेवटी न येता सुरुवातीला यायला हव्यात.

ताल सुधारला, की गोळी बंद करायची का? २००२ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या चार हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला. एका गटाचा ताल सुधारला, दुसऱ्याची फक्त गती आटोक्यात ठेवली. दोन्ही गटांत बहुतेक पक्षाघात वॉरफरिन थांबवलेल्या किंवा आयएनआर कमी असलेल्या रुग्णांना झाले. पुढे २०२० मधल्या युरोपीय अभ्यासात निदानानंतर वर्षभरातच ताल सुधारण्याचे उपचार सुरू केलेल्यांना फायदा झाला, पण त्यांच्यातल्याही बहुतेकांची गुठळीविरोधी गोळी चालूच होती. ॲब्लेशननंतर किमान दोन-तीन महिने गोळी सर्वांनाच लागते. त्यापुढचा निर्णय धोक्याच्या गुणांवरून डॉक्टर घेतात. दात काढायचा असो वा मोतीबिंदूचं ऑपरेशन, आपल्या मनाने दोन दिवस गोळी टाळू नये, आधी विचारावं.

गोळीचं नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळू लागलं, तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब पोचायला हवं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तिथे डॉक्टर सर्वांत आधी विचारतील, की रक्त पातळ होण्याची कोणती गोळी चालू आहे आणि शेवटची किती वाजता घेतली. हे उत्तर घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावं.