एरविकुळम राष्ट्रीय उद्यान

केरळच्या इडुक्की जिल्ह्यात मुन्नारजवळ पश्चिम घाटाच्या माथ्यावर ९७ चौ. किमी. क्षेत्रात पसरलेले संरक्षित जंगल. १९७५ मध्ये अभयारण्य आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. दक्षिण भारतातील सर्वोच्च शिखर आनमुडी (२,६९५ मी.) याच हद्दीत येते. जंगल म्हटले, तरी उद्यानाचा बहुतांश भाग उघडा गवताळ आहे. झाडी असते ती घळींमध्ये. या ठेंगण्या, दाट सदाहरित रायांना ‘शोला’ म्हणतात. प्रदेश उष्ण कटिबंधात असूनही उंचीमुळे येथे हिवाळ्यात दहिवर गोठते.

हे गवत चहाच्या मळ्यांपासून वाचले ते ब्रिटिश मळेवाल्यांच्या शिकारीच्या हौसेमुळे. त्यांनी हे पठार शिकारीसाठी राखले आणि राखणीला मुथुवन आदिवासी नेमले. पुढे १९७१ च्या कायद्याने केरळ सरकारने मळ्यांची जास्तीची जमीन ताब्यात घेतली.

निलगिरी ताहर हा येथील सर्वांत प्रसिद्ध रहिवासी. दक्षिण भारतातल्या या एकमेव पहाडी खूरधारी प्राण्याची सर्वाधिक संख्या एरविकुळममध्ये आढळते. प्रौढ नराच्या पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा असतो. पूर्वी त्याला हिमालयी ताहरचा सख्खा नातलग मानत. जनुकीय अभ्यासात तो मेंढ्यांना अधिक जवळचा निघाला आणि २००५ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजाती (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मिळाली. राजमळा भागात हे कळप पर्यटकांना अजिबात बुजत नाहीत. विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान पर्यटकांसाठी बंद ठेवतात.

खरे नवल मात्र पर्यटकांच्या नजरेस सहसा पडत नाही. २०१० मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला ‘राओर्चेस्टेस रिस्प्लेंडेन्स’ हा भडक नारिंगी बेडूक आनमुडीच्या परिसरातील बांबूच्या बेटांत राहतो. अंगभर फुगीर ग्रंथी आणि पाय इतके आखूड, की तो उड्या मारण्याऐवजी रांगतो. अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर येतो. पाण्यात वाढणारी बेडूकमाशाची अवस्था नसतेच. उंच माथ्यांभोवतीचा सखल, उबदार प्रदेश अशा जीवांना ओलांडता येत नाही, म्हणून ते एकेका शिखरापुरते उरतात. त्याच कारणाने तापमानवाढ त्यांच्यासाठी फार घातक ठरते: आणखी वर सरकायला डोंगरच शिल्लक नसतो.

पक्ष्यांपैकी निलगिरी पिपिट गवतात, तर काळा-नारिंगी माशीमार शोलांमध्ये दिसतो. दुर्मिळ निलगिरी मार्टेन या मुंगसासारख्या लांबट सस्तन प्राण्याचीही येथे नोंद आहे. बारा वर्षांनी एकदा फुलणारी नीलकुरिंजी ही कारवीच्याच प्रजातीतील वनस्पती. तिचा मोठा बहर २००६ आणि २०१८ मध्ये आला होता.