थॅलिडोमाइडचा गळ

१९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेची एक गोळी बाजारात आली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायची, आणि जाहिरात अशी की अगदी निर्धोक. गरोदर बायकाही मळमळीवर ती घेऊ लागल्या. नोव्हेंबर १९६१ मध्ये गोळी मागे घेतली, तोवर हजारो मुलं आखूड हातपाय घेऊन जन्माला आली होती. काहींना हात नव्हतेच. हे थॅलिडोमाइड. अमेरिकेत ते तेव्हा विक्रीला आलं नाही, कारण तिथल्या औषध नियंत्रण खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी कंपनीकडे पुरावे मागत राहिल्या. चिकट सरकारी कारकुनीचं इतकं मोठं पुण्य क्वचितच कुणाच्या पदरी पडलं असेल.

असं औषध कायमचं गाडलं जायला हवं होतं. पण जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन या डॉक्टरांनी ते काही कुष्ठरुग्णांना दिलं, तेही निव्वळ झोप लागावी म्हणून. अंगावरच्या दुखऱ्या गाठींमुळे त्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. झोप तर लागलीच, शिवाय काही दिवसांत गाठीही बसू लागल्या. हे १९६४ च्या सुमाराचं. १९९९ मध्ये मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरही त्याचा उपयोग दिसला.

गर्भात हात खुडणारा आणि कर्करोगाला आवरणारा रेणू एकच. मग पेशीत तो नेमकं धरतो तरी कुणाला? पेशीत प्रथिनं हजारो. एकेक तपासत बसायचं तर जन्म जायचा.

जपानमध्ये हिरोशी हांडा आणि ताकुमी इतो यांच्या गटाने सरळ गळ टाकला. थॅलिडोमाइडला रासायनिक जोड देऊन ते अतिसूक्ष्म चुंबकीय मण्यांवर बसवलं. माणसाच्या पेशी फोडून केलेल्या रसात हे मणी ढवळले, चुंबक लावून बाजूला ओढले, धुतले. उगाच चिकटलेलं धुऊन गेलं. मग त्यावर मोकळं थॅलिडोमाइड ओतलं. यातली खुबी अशी की जे प्रथिन खरोखर थॅलिडोमाइडलाच धरून बसलंय, ते मण्यावरचं सोडून मोकळ्याला धरणार आणि द्रवात उतरणार. उतरली ती दोनच प्रथिनं: सेरेब्लॉन आणि त्याचा जोडीदार. पुढे झेब्रामाशांच्या अंड्यांत थॅलिडोमाइडला न चिकटणारं, बदललेलं सेरेब्लॉन घातलं, तेव्हा औषध देऊनही पिल्लांचे पर नीट वाढले. आरोपी सापडला. साल २०१०.

सेरेब्लॉनचं काम समजायला पालिकेचं उदाहरण पुरे. पाडायच्या बांधकामावर माणसं लाल फुली मारून जातात, तोडणारे नंतर येतात. पेशीत ही फुली म्हणजे युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन, आणि फुली मारणाऱ्या पथकातला घर निवडणारा माणूस म्हणजे सेरेब्लॉन. थॅलिडोमाइड त्याच्या खाचेत बसतं आणि त्याची निवडच बदलते. मायलोमाच्या पेशीत तो इकारोस आणि आयोलोस या प्रथिनांवर फुली मारतो. त्यांच्याशिवाय त्या पेशी तगत नाहीत. गर्भात मात्र हातापायांच्या वाढीला लागणारं सॉल-४ हे प्रथिन त्याच्या तावडीत सापडतं. उंदरांच्या गर्भांना या औषधाने असं व्यंग येत नाही. त्यांच्या सेरेब्लॉनमध्ये मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं आहे, हे त्याचं एक कारण.

रसायनशास्त्रज्ञांनी मग या गळाला दुसरं टोक जोडलं. एका टोकाने सेरेब्लॉन धरायचं, दुसऱ्याने रोगाला कारण असलेलं प्रथिन, मध्ये दुवा. दोघं शेजारी आले की फुली पडते, प्रथिनाचा चुरा होतो आणि रेणू पुढच्या कामाला मोकळा. नेहमीचं औषध प्रथिनाच्या कुलपात अडकून बसतं. इथे कुलूपच मोडीत जातं. दुवा चार अणूंनी लांब-आखूड झाला तरी सगळं फिसकटू शकतं, त्यामुळे एकेका रेणूमागे वर्षं जातात. अशी काही औषधं कर्करोगाच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत उतरली आहेत.

थॅलिडोमाइडचं धाकटं भावंड लेनालिडोमाइड आज मायलोमावर सर्रास दिलं जातं. मूल होऊ शकेल अशा वयाची बाई रुग्ण असेल, तर गोळी सुरू करण्याआधी तिची गर्भचाचणी करावी लागते, आणि उपचार चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा.