शेतकऱ्याच्या घरात शुगर आली कुठून?

आमच्या आत्याला मागच्या वर्षी शुगर निघाली. शिरूर तालुक्यात असते, वजन पंचेचाळीस किलोसुद्धा नसेल. रिपोर्ट बघून पहिलं काय म्हणाली तर, "आरं, जल्म रानात गेला माझा, मला कशी झाली ही?" डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, गोड बंद करा म्हणाले, झालं. पण तिच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिच्याच पट्ट्यात शोधलं गेलंय आणि ते तिला कुणी सांगितलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आत्याचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. आजी पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, घरात मायलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, कामावर मिळाली तर सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचे ते कोरडं पौष्टिक खाणं. त्याच दशकात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजींनी शिरूर तालुक्यातल्याच वढू बुद्रुकला गावोगावच्या आरोग्याचं काम उभं केलं, गावातल्याच लोकांना शिकवून. पुढं १९९३ मध्ये केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमनं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, त्या काय खातात, किती राबतात, बाळ केवढं होतं, सगळं मोजायचं.

बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. पण नुसतं वजन करून थांबले नाहीत, बाळाच्या पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमट्यात धरून चरबी मोजली, तर हातपाय काडीसारखे, स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळजवळ इंग्लंडमधल्या बाळांएवढीच! म्हणजे दिसायला रोडकं पण आतून चरबीचं बाळ, आणि पुढं शुगर होण्याची तयारी इथंच सुरू होते असं त्यांचं म्हणणं.

आता आयांचं बघा. ज्या बायका पालेभाज्या, फळं जास्त खायच्या त्यांची बाळं चांगल्या वजनाची, ज्यांना रानातली-घरातली कामं जास्त त्यांची लहान, विहिरीवरून पाणी आणणं आणि धुणं धुणं हेसुद्धा त्यात आलं. तपासलेल्या बायकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी. हे जीवनसत्त्व मिळतं दूध, अंडी, मटणातून, आणि गोठ्यात दोन गाई असल्या तरी दूध जातं डेअरीला, घरात राहतं चहापुरतं, हे मी स्वतः लहानपणापासून बघितलंय. आईत बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त असेल तर पोरांच्या अंगात साखर आवरणारं इन्सुलिन नीट काम करत नाही, हे पोरं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं. तीच पोरं अठराची झाली तेव्हा निम्मी वजनानं कमीच होती आणि तरी ३७ टक्के मुलगे, १८ टक्के मुलींची साखर नॉर्मलच्या वर! बसून खाल्ल्यानं शुगर होते म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा तरी वाचावा.

ऊस आला, पैसा आला, गाड्या आल्या, त्याचाही वाटा आहेच, नाही म्हणत नाही. पण २०१२ मध्ये याच टीमनं त्याच मुला-मुलींना लग्नाआधीच, पुढच्या पिढीसाठी, बी-१२ द्यायची ट्रायल सुरू केली, म्हणजे दुरुस्ती किती मागं जाऊन करावी लागते बघा.

हे सगळं आत्याला सांगितलं तर बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आईला तर कळा खडीवरच सुरू झाल्या व्हत्या." सूनबाईला पाचवा महिना आहे, आता सकाळी डेअरीची किटली भरायच्या आधी आत्या तिच्यासाठी तांब्याभर दूध बाजूला काढते.