मेंदूचा मुका मार

घोडबंदर रोडवर बाईक घसरते, हेल्मेट हँडलला लटकलेलं असतं. सीटी स्कॅनमध्ये कवटी शाबूत, रक्ताची गाठ नाही. तरी पोरगा डोळे उघडत नाही. आयसीयूबाहेरच्या बाकावर एकच प्रश्न घोळत राहतो, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग शुद्धीवर का येत नाही?"

हाच प्रश्न 1956 साली ऑक्सफर्डमधल्या डॉक्टर सबिना स्ट्रिच यांना पडला होता. डोक्याला मार लागून महिनोन्‌महिने बेशुद्धीसारख्या अवस्थेत राहिलेल्या आणि मग दगावलेल्या काही रुग्णांचे मेंदू त्यांनी तपासले. मोठा रक्तस्राव नव्हता, पण सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या पांढऱ्या भागातले चेतातंतू, म्हणजे मेंदूच्या पेशींमधून संदेश वाहून नेणारे धागे, जागोजागी नष्ट झालेले दिसले. म्हणजे निदान झालं, पण मृत्यूनंतर.

कारणाचा अंदाज त्याआधीच, 1943 मध्ये होलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने बांधला होता. डॉक्टर नसलेल्या या माणसाने जिलेटिनचा मेंदू करून गरकन फिरवला आणि दाखवलं, की घात करतो तो नुसता आघात नव्हे, तर डोकं झटक्यात फिरल्यावर आत बसणारा पीळ. 1982 मध्ये अमेरिकेतले संशोधक जेनारेली आणि सहकाऱ्यांनी माकडांवर हेच सिद्ध केलं, आणि या दुखापतीला 'डिफ्यूज ॲक्सोनल इंज्युरी' (मेंदूभर पसरलेली तंतूंची इजा) हे नाव रूढ झालं. (पुढे त्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालांवरून अमेरिकेत रान उठलं, ते रास्तच होतं.)

तंतू त्याच क्षणी तुटतात, असं स्ट्रिच यांना वाटलं होतं. पॉव्हलिशॉक या संशोधकाने 1980च्या दशकात दाखवलं, की बहुतेक तंतू आधी आतून बिघडतात, फुगतात आणि काही तासांनी तुटतात. गायमुख घाटात ट्रक बंद पडला की मागे रांग लागते, तसंच हे. तंतूतून वाहणारी प्रथिनं अडून साचतात. त्यातलं बीटा-एपीपी हे प्रथिन रंगवून इजा दोन-तीन तासांतच ओळखता येऊ लागली. पण हेही शवविच्छेदनातच.

जिवंत माणसाचं काय? 1971 मध्ये आलेल्या सीटीने रक्ताची गाठ दिसू लागली आणि असंख्य जीव वाचले; पण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा तंतू त्याला कुठून दिसणार? एमआरआयच्या काही खास पद्धती तंतूंसोबत फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचे ठिपके दाखवतात. 1994 मध्ये बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहाँ यांनी एमआरआयचीच डिफ्यूजन टेन्सर पद्धत मांडली; ती मेंदूतल्या पाण्याची हालचाल मोजते. पाणी तंतूच्या लांबीने सहज सरकतं, आडवं कमी. तंतू विस्कटले की हा फरक पुसट होतो. रुग्णांच्या गटांमध्ये ते छान दिसतं, पण समोरच्या एका रुग्णाबद्दल छातीठोक सांगणं अजून अवघडच.

2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या, डोक्याच्या दुखापतीसाठीच्या रक्तचाचणीचा मोठा गाजावाजा झाला. पण ती मुळात सीटी काढायची गरज आहे का, एवढंच ठरवायला मदत करते. तंतूंतलंच न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन रक्तात मोजणं मला जास्त आशादायक वाटतं. मात्र ते हळूहळू वाढतं, आणि बाकावरच्या माणसांना उत्तर पहिल्याच रात्री हवं असतं.