पावसाचे इंच आणि चौथीचा वर्ग

गोव्यात जुलै उजाडला की वर्तमानपत्रांत पावसाच्या इंचांचा हिशेब सुरू होतो आणि कोणत्या केंद्राने शंभरी ओलांडली याची चर्चा चहाच्या दुकानापर्यंत पोहोचते. राज्यात जून ते सप्टेंबर या काळात सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे 118 इंच पाऊस पडतो. परंतु पाणी लिटरमध्ये मोजतात असे शिकलेल्या चौथीच्या मुलाने ‘मग पाऊस पट्टीने कसा मोजतात?’ असे विचारले, तर बहुतेक मोठी माणसे अडखळतात. मापन शिकवण्यासाठी यापेक्षा चांगला प्रश्न मला ठाऊक नाही, कारण पुस्तकात छापलेल्या रेषाखंडाची लांबी आधीच ठरलेली असते, पावसाची नसते.

शाळेच्या उघड्या अंगणात सरळ भिंतींचा एक अरुंद डबा आणि तसाच सरळ, पण दुप्पट व्यासाचा टोप शेजारी शेजारी ठेवावा आणि पाण्याची उंची कशात जास्त भरेल, हे मुलांकडून आधी वहीत लिहून घ्यावे. बहुतेक जण टोपाचे नाव लिहितील. व्यास दुप्पट म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ चौपट, त्यामुळे टोपात पाणी खरोखरच चौपट जमते. मात्र ते चौपट तळावर पसरते आणि उंची दोन्हीकडे जवळपास सारखीच राहते. भांड्याचा आकार हिशेबातून गळून पडतो, म्हणूनच पाऊस लांबीच्या एककात सांगता येतो. लिटर म्हणणारे मूलही चुकत नाही: एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर 1 लिटर पाणी.

आता बादली ठेवावी. तिचे तोंड 30 सेंटिमीटर आणि तळ 20 सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर तोंडाचे क्षेत्रफळ तळाच्या सव्वादोन पट होते आणि पहिल्या काही मिलिमीटर पावसाला पट्टी जवळपास सव्वादोन पट उंची दाखवते. पाणी चढेल तशी ही फुगवणूक कमी होत जाते, कारण भिंती तिरक्या आहेत. गंमत अशी, की हाच दोष जाणूनबुजून वापरता येतो. गोळा करणाऱ्या नरसाळ्याचे तोंड आतल्या नळीच्या दहापट क्षेत्रफळाचे ठेवले, तर 1 मिलिमीटर पाऊस नळीत 10 मिलिमीटर उंच दिसतो आणि रिमझिमही मोजता येते. नळी सरळ असल्याने ही पट शेवटपर्यंत बदलत नाही, एवढाच बादलीशी फरक आहे.

शाळेसाठी शीतपेयाची सरळ अंगाची बाटली पुरे. वरचा भाग कापून तोच नरसाळ्यासारखा उलटा बसवावा, खालचा खाचखळग्यांचा तळ खडे व पाणी घालून सपाट करावा आणि त्या पाण्याच्या पातळीवर शून्याची खूण करावी. माड किंवा छप्पर जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली ठेवावी, नाहीतर मोजले जाईल ते पागोळ्यांचे पाणी. एकाच बाटलीचे माप एका मुलाला 23 आणि दुसऱ्याला 25 मिलिमीटर दिसले, तर शिक्षकांनी ‘बरोबर’ आकडा फळ्यावर लिहून देऊ नये. डोळा पातळीच्या रेषेत होता का, काठाला चढलेल्या पाण्याचा कड वाचला की मधला सपाट भाग, हे मुलांनीच शोधावे आणि तरीही उरलेला फरक वहीत नोंदवावा.

अशी वही हाताशी असेल, तर पंचांगातील नक्षत्रांच्या वाहनांचीही परीक्षा घेता येईल. म्हैस, बेडूक वा हत्ती आला की भरपूर पाऊस आणि कोल्हा वा मेंढा आला की ओढ, हे भाकीत संपूर्ण प्रदेशाला एकच असते. पेडण्याच्या किनाऱ्यावरील आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या सत्तरीतील शाळांच्या नोंदी मात्र एकाच दिवशी कितीतरी वेगळ्या निघू शकतात, कारण समुद्रावरचे बाष्प घाटाला अडून वर चढते, थंड होते आणि तेथे अधिक बरसते.

अशी तुलना करायची, तर दोन्ही शाळांची वेळ एकच हवी. हवामान खाते सकाळी साडेआठला मागील 24 तासांचा पाऊस नोंदवते. तीच वेळ शाळेला सोयीची आहे. रविवारी शाळा बंद असल्याने सोमवारी बाटलीत दोन दिवसांचे पाणी सापडेल. त्याचे दोन समान भाग करून रविवारचा रकाना भरू नये. सोमवारच्या आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा एकत्र’ असे लिहून रविवारचा रकाना रिकामाच ठेवावा.